निगेटिव्ह रिपोर्टनंतरचं बोलणं

आमच्या हॉस्पिटलात एचआयव्हीची तपासणी जिथं होते, त्या खोलीचं सरकारी नाव लांबलचक आहे. ते कुणी घेत नाही. केसपेपर काढल्यावर लोक खिडकीशी वाकून हळूच विचारतात, "ते रक्ताचं कुठं?" आणि खिडकीवरचा माणूस मान वर न करता हात करतो, पावणं, तिकडं टोकाला. त्या टोकाच्या खोलीत मी समुपदेशक म्हणून बसते. रक्त काढणारे टेक्निशियन पलीकडच्या खोलीत. माझ्याकडं सुई नाही, औषध नाही. तपासणीच्या आधी माणसाशी बोलायचं आणि रिपोर्ट आल्यावर परत बोलायचं, एवढंच माझं काम. नोकरी नवीन होती तेव्हा सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची सून हॉस्पिटलात आहे, आणि लगेच भाजीचा विषय काढायच्या. त्यांना मी दोष देत नाही. आपली सून दिवसभर अनोळखी पुरुषांना तुमचे संबंध कुणाकुणाशी आहेत हे विचारते, असं शेजारणीला कसं सांगणार?

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की माणसाला स्वतःच्या रक्ताचं कळलं आणि त्याच्याशी कुणी नीट बोललं, तर त्याचं वागणं बदलतं. ते खोटं नाही. ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो त्यांच्यात मी हे पुष्कळ पाहिलं. मलकापूरकडचे एक आचारी माझ्याकडं येतात. लग्नकार्यात शेकडो माणसांचा स्वयंपाक करणारा हा माणूस रिपोर्ट कळल्यावर घरी वेगळ्या ताटात जेवायला लागला होता. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, तिला आपलं काही लागेल या भीतीनं तो खोलीच्या बाहेर झोपायचा. जेवणातून काही होत नाही, औषधं वेळेवर घेतली आणि निरोध वापरला तर बायकोजवळ झोपायलाही हरकत नाही, हे पटवायला कितीतरी भेटी गेल्या. आता तो दारातूनच रांगेसमोर मोठ्यानं सांगतो, "मॅडम, पाकिटं संपली की." बायको आजही निगेटिव्ह आहे. अशा माणसांना कुणाला तरी जपायचं असतं. भीती ओसरल्यावर ते सावध होतात आणि तसेच राहतात.

निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन गेलेल्या माणसाचं पुढं काय होतं, याचा मात्र मी फारसा विचार केला नव्हता. तो आनंदानं जातो, आपण पुढच्याला बोलावतो. एका जोडप्यामुळं मला तो विचार करावा लागला.

आधी नवराच आला, एकटा. चाळिशीच्या आतबाहेरचा, कडक इस्त्रीचा शर्ट, पण हातांच्या रेषांत ऑइल मुरलेलं. शिरोली एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप होतं. फौंड्रीतून कास्टिंग आणायचं, त्यावर काम करायचं आणि बाहेरगावच्या कंपन्यांना माल पोचवायचा. मूळचा सीमेकडच्या गावचा, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. खुर्चीच्या कडेवर बसला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मॅडम, लांबड लावू नका. रक्त घ्या."

आधी बोलणं आणि मग रक्त, इथली रीत तशी आहे, असं मी सांगितलं. मग तो आमच्याकडची माणसं बोलतात तसा सरळ बोलला. ऑर्डरसाठी बाहेरगावी जावं लागतं. कंपनीत खरेदी बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी जेवायला न्यावं लागतं. जेवणाबरोबर दारू आणि दारूनंतर लॉज. तिथं बायका बोलावल्या जातात. तो स्वतः मागत नाही, पण त्या माणसासमोर नाही म्हणणंही जमत नाही. निरोध वापरता का, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. कधी असतं, कधी नसतं, त्या वेळी कोण बघतंय. घरी बायको आणि एक मुलगी.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्यानं कागदाची घडी केली, अंगारा लावावा तशी कपाळाला टेकवली आणि पाकिटात ठेवली. मी सांगत होते की अगदी अलीकडं काही घडलं असेल तर ते आज रक्तात दिसणार नाही, तीन महिन्यांनी परत यावं लागेल, बाकीच्या गुप्तरोगांसाठीही डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर घरीसुद्धा निरोध वापरा. एवढा वेळ तो नुसती मान हलवत होता. शेवटच्या वाक्याला थांबला.

"घरात? घरात काय सांगू?"

सध्या दुसरं मूल नको म्हणून सांगा, असं मी म्हणाले. अनेकांना मी तेच सांगत असे.

"तिचं ऑपरेशन झालंय, मॅडम. पोरगी झाली तवाच."

मी पेनचं टोपण काढून परत लावलं. तो हसला. माझी फजिती झाली म्हणून नव्हे, आपली अडचण समोरच्याला कळली म्हणून हसावं तसा. आणि गेला.

तीन महिन्यांची वाट त्यानं पाहिली नाही. पुढची बाहेरगावची फेरी झाली आणि तो आला. रक्त दिलं, निगेटिव्ह आलं, कागद कपाळाला लावून गेला. मग परत आला. परत तेच. टेक्निशियन त्याला ओळखू लागले, दंडाला पट्टा बांधायच्या आधीच तो बाही वर करून हात पुढं करायचा. आता तो मला मॅडमऐवजी अक्का म्हणू लागला होता. त्यांच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. मी प्रत्येक वेळी तेच सांगायची आणि तो प्रत्येक वेळी तीच मान हलवायचा. एकदा मी जरा तीव्रपणेच विचारलं, की तुम्ही इथं कशासाठी येता? त्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

"पासिंग करून घेतो अक्का. गाडीचं नसतंय व्हय? पासिंग झालं की पुढं निर्धास्त."

त्या दिवशी घरी जाताना मला चैन पडेना. तो खोटं बोलत नव्हता, लपवत नव्हता, तपासणी टाळत नव्हता. आम्ही सांगतो त्यातली अर्धी गोष्ट तो इमानानं करत होता. आणि त्या अर्ध्यामुळंच उरलेली अर्धी करायची गरज त्याला वाटत नव्हती. पहिल्यांदा आला तेव्हा तो घाबरलेला तरी होता. निगेटिव्ह रिपोर्ट देऊन देऊन ती भीती आम्हीच धुऊन काढली होती.

उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणून मी भाजलेल्या मिरच्या आणि मसाला घेऊन कांडपाच्या गिरणीत गेले. तिथं नेहमीसारखी गर्दी, सगळ्यांचे डोळे लाल, सगळे खोकतायत. माझ्या पुढं एक बाई होती, पस्तिशीची, बोलकी. मला ठसका लागला तसा तिनं स्वतःचा ओला टॉवेल माझ्या हातात दिला. नाकाला लावा म्हणाली. बोलता बोलता मी कुठं असते ते तिनं विचारलं आणि सरकारी हॉस्पिटल म्हटल्यावर जवळ सरकली. बायकांना असं कुणी भेटलं की त्या दुखणं सांगतात, त्याची मला सवय आहे. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतं, शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंचं औषध घेतलं की महिनाभर बरं वाटतं आणि मग परत सुरू होतं. उष्णता असेल असं तिची सासू म्हणत होती. सब्जा भिजवून पिऊन झाला, काही फरक नाही.

आमच्याकडं येऊन दाखवा, असं मी सांगितलं. कुठल्या खिडकीला केसपेपर काढायचा ते ती विचारत होती, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"आमचं मालक आल्यात," ती म्हणाली.

दारात तो उभा होता. मला पाहिलं आणि त्याचा पुढं टाकलेला पाय तिथंच राहिला. खोलीत आलेल्या कुणाचीही बाहेर मी होऊन ओळख दाखवत नाही. मी मान वळवून कांडपाकडं पाहत राहिले. तिनंच त्याला बोलावून सांगितलं, ह्या अक्का सरकारी हॉस्पिटलात हाईत, चांगल्या हाईत. त्यानं मला कधीच न पाहिल्यासारखा नमस्कार केला. मीही केला. तो डबे गाडीत ठेवायला लागला आणि ती टॉवेल परत घेताना मला म्हणाली, "मी येतो हं सोमवारी." आमच्या कोल्हापुरात बायकाही असंच येतो-जातो बोलतात.

घरी आल्यावर चटणी बरणीत भरताना माझे डोळे वाहत होते. नवऱ्यानं विचारलं तर मिरची म्हटलं. ते बरंही झालं, दुसरं काही सांगता आलंच नसतं. त्या बाईच्या दुखण्याचं मूळ कुठं असू शकतं, याचा मला अंदाज आला होता. नुसत्या तिला औषध देऊन उपयोग नव्हता, त्यालाही त्याच वेळी द्यायला हवं होतं, नाहीतर ते परत परत होणार. पण त्यानं खोलीत सांगितलेलं तिच्यापर्यंत नेण्याचा मला हक्क नव्हता. उद्या मी एकाचं बाहेर बोलले तर परवापासून त्या टोकाच्या खोलीत कुणी खरं बोलायला येणार नाही. हे मला पूर्ण पटतं. तरीही त्या ओल्या टॉवेलचा वास माझ्या हाताला येत होता आणि पटलेलं पटलेलं वाटत नव्हतं.

सोमवारच्या आधीच तो आला. दार लोटून आत आला आणि उभ्याउभ्याच बोलला.

"तिला काय बोलला अक्का?"

काही बोलले नाही, असं मी सांगितलं. त्यानं विश्वास ठेवायला वेळ घेतला. मग बसला. आज रक्त द्यायला आला नव्हता, हे त्याच्या खाली ओढलेल्या बाह्यांवरून दिसत होतं. मी त्याला विचारलं, की तुमच्या बायकोला दुखतंय हे तुम्हाला माहीत आहे का. माहीत होतं. औषधाला पैसे तोच देत होता, दवाखान्यात सोडायलाही तोच जायचा. ते कशामुळं होत असेल याचा कधी विचार केलात का? तो म्हणाला, बायकांचं काहीतरी असतंय.

मग मी बोलले. या वेळी तेच ठरलेलं बोलणं नव्हतं. पाकिटातला तो कागद फक्त एका आजाराचं सांगतो आणि फक्त तुमच्या शरीराचं सांगतो. लॉजवरून माणूस दुसरंही काही घेऊन येतो, पुरुषाला ते कळतही नाही, आणि ते घरी बाईच्या पोटात जाऊन बसतं. तसंच झालंय असं मी छातीठोक सांगू शकत नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील. पण दोघांनी दाखवायला पाहिजे आणि दोघांनी एकदम औषध घ्यायला पाहिजे. आणि एक लक्षात घ्या, जिथून हे येतं तिथूनच एक दिवस एचआयव्हीही येऊ शकतो.

बाहेर कुणीतरी केसपेपरवरून भांडत होतं, ते ऐकत बसल्यासारखा तो बसला. नंतर म्हणाला, "म्हंजे मी दिलं तिला."

शक्यता आहे, असं मी म्हणाले.

मग त्यानं माझ्याकडं एक मागणी केली. मी तिला सांगावं, की हे उष्णतेचं आहे, साथीचं आहे, घरातल्या सगळ्यांनी औषध घ्यायचं असतं. डॉक्टरांनीही तसंच सांगावं. तिला माझं बोलणं पटेल, ती माझ्याबद्दल चांगलं बोलत होती.

"मी तिला खोटं सांगणार नाही," मी म्हणाले. "आणि तुमचं खरंही मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्हाला सांगायचंय. मी सोबत बसेन, एवढंच करीन."

तो उठून गेला. येईल असं मला वाटलं नाही.

सोमवारी दोघं आले. दोघांना डॉक्टरांनी बोलावलंय एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. ती मला पाहून हसली, गिरणीत राहिलेलं बोलणं पुढं सुरू करावं तशी बसली. तो टेबलाच्या कोपऱ्याकडं पाहत होता. मी दार लावून घेतलं आणि म्हणाले, यांना तुमच्याशी बोलायचंय.

सुरुवात त्याला जमेना. बाहेरगावी जातो ते, ऑर्डरी, ती माणसं, असं काहीबाही बोलत राहिला आणि तिला काही उमगेना. शेवटी त्यानं लॉज हा शब्द उच्चारला. मग बायका. ती त्याच्याकडं वळली नाही. मांडीवरची पिशवी तिनं सावकाश खाली ठेवली.

"किती वर्सं?"

तो घुटमळला.

"पोरगी कितवीत असल्यापासनं?"

"चौथीत होती."

मुलगी तेव्हा नववीत होती, ते तिनंच मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती नुसती बोटांवर वर्षं मोजत होती. त्यालाच ते सहन झालं नसावं. त्यानं पाकीट काढलं, घड्या पडलेला कागद उलगडून तिच्यापुढं धरला. "हे बघ, मी दर टायमाला तपासतोय. माझं निगेटिव्ह हाय. तुला काय व्हनार न्हाय."

तिनं कागद हातात घेतला नाही.

"ते तुमचं हाय," ती म्हणाली. "माझं मला बघू दे."

आणि मला विचारलं, रक्त कुठं द्यायचं.

रक्त दिल्यावर तिनं त्याला बाहेर बसायला सांगितलं. आम्ही दोघीच उरलो. ती रडेल असं मला वाटत होतं, मी पाण्याचा ग्लास पुढं केला. ती पाणी प्याली, ग्लास ठेवला आणि थेट विचारलं.

"गिरणीत तुमास्नी ठावं होतं?"

मी म्हणाले, "इथं जे ऐकते ते बाहेर नेत नाही. उद्या तुम्ही जे सांगाल तेही नेणार नाही."

"तुमचंबी बरोबर हाय," ती म्हणाली. "पण मला राग आलाय. तुमचाबी आलाय."

तो राग मी घेतला. समजावत बसले नाही. तिच्या जागी मलाही आला असता.

मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. एचआयव्ही कशानं होतो, कशानं होत नाही, मुलीला काही असेल का, स्वयंपाकानं काही होतं का, आजचा रिपोर्ट चांगला आला तरी परत का तपासायचं. माझ्या खोलीत इतके नेमके प्रश्न पुरुषांनी क्वचित विचारले असतील. मध्येच थांबून ती म्हणाली, "तुमच्या मालकांनी तपासलंय काय हितं?" मी नाही म्हणाले. "आणि तुम्ही?" तेही नाही. तिनं टोमणा मारला नाही, नुसती मान हलवली, म्हणजे असंच असतं तर, अशी.

तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी बोलायच्या आधीच तिनं विचारलं, की म्हणजे आता पक्कं, की तीन महिन्यांनी पक्कं? तीन महिन्यांनी, मी म्हणाले. दुखणं मात्र संसर्गाचंच निघालं आणि डॉक्टरांनी दोघांना एकदम औषध दिलं. जाताना मी निरोधची पाकिटं त्याच्यापुढं सरकवली, कारण आजवर ती मी पुरुषांपुढंच सरकवत आले होते. तिनं हात मध्ये घातला.

"हे त्यांच्याकडं न्हाय द्यायचं. माझ्याकडं राहू दे."

तिनं ती पिशवीत टाकली आणि ती पुढं आणि तो मागं असे दोघं गेले.

"आणि तुम्ही?" हा तिचा प्रश्न काही दिवस माझ्या डोक्यात राहिला. मग एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, आपण दोघं तपासून घेऊया का. ते शाळेत क्लार्क आहेत, साधा माणूस. त्यांचा चेहरा उतरला. माझ्यावर शंका आहे काय, असं त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हटलं तर म्हणाले, मग कशाला? दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. दिवसभर मी ज्यांना "यात कमीपणा काही नाही" असं सांगते, त्यांना आत काय होत असेल ते मला त्या दोन दिवसांत कळलं. संशयाशिवाय तपासणी असू शकते हे माझ्याच घरात पटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते बूट घालता घालता म्हणाले, चल, तुझ्याच हॉस्पिटलात जाऊया, दुसरीकडं गेलो तर लोक काय म्हणतील. आम्ही गेलो. टेक्निशियननी चेष्टा केली नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दोघांचं काही निघालं नाही, निघायचं कारणही नव्हतं. पण बाहेर चहा घेताना त्यांनी लग्नाआधीची एक गोष्ट मला सांगितली, अगदी किरकोळ, आणि मीही एक सांगितली. इतक्या वर्षांत आम्ही ते कधी बोललो नव्हतो. ती गोष्ट इथं लिहायची नाही.

ते जोडपं तीन महिन्यांनी ठरल्याप्रमाणं आलं. दोघांचे रिपोर्ट चांगले आले. तिचं दुखणं थांबलं होतं. या वेळी आधी मी तिच्याशी एकटीशी बोलले. एवढे दिवस ती मुलीच्या खोलीत झोपत होती. माफ केलं का, असं मी विचारत नसते, तिनंच सांगितलं की ते तिला जमत नाहीये. घर सोडून जायचाही विचार केला होता, पण मुलीची दहावी आणि माहेरी वहिनी. मग तिनं स्वतःच काही गोष्टी ठरवल्या होत्या. बाहेरगावच्या फेऱ्यांना त्यानं एकट्यानं जायचं नाही, त्याचा चुलत भाऊ बरोबर जाईल, आणि माल पोचवून त्याच दिवशी परत यायचं. ऑर्डर गेली तर गेली. आणि पाकिटं तिच्याकडं राहतील.

त्याच्याशी बोलले तेव्हा तो वाळल्यासारखा दिसला. एक मोठी ऑर्डर खरंच गेली होती. तो म्हणाला, रिपोर्टची भीती त्याला पहिल्यांदा वाटली, मग वाटेनाशी झाली. आता वेगळंच झालंय. "परत आलो की ती दारात बघती अक्का. काय इचारत न्हाय. नुसती बघती. ते लई वाईट."

एवढ्यावर गोष्ट गोड करता आली असती. पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता तो परत एकटाच आत आला. दिवाळीच्या आधीची फेरी होती, भाऊ आजारी होता, जुना खरेदीवाला भेटला. या वेळी निरोध वापरला होता, असं तो म्हणाला. मला वाटलं, झालं, परत पासिंग सुरू.

"बाहेर ती बसलीया," तो म्हणाला.

मी दारातून पाहिलं. ती बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर, समोरच्या भिंतीकडं पाहत. घरी आल्या आल्या त्यानं तिला सांगितलं होतं. तिनं जेवायला वाढलं, आणि म्हणाली, उद्या आधी तिथं जायचं, मग बघू काय बोलायचं ते. त्यानं रक्त दिलं. रिपोर्टचा कागद मी त्याच्या हातात दिला, त्यानं तो कपाळाला लावला नाही, न वाचताच बाहेर जाऊन तिच्याकडं दिला. तिनं वाचला आणि पिशवीत ठेवला. मग ती आत आली, पुढच्या तपासणीची तारीख विचारली, पाकिटं मागून घेतली. जास्त काही बोलली नाही. तिचा आवाज थकलेला होता.

याला मी यश म्हणावं की काय म्हणावं, हे मला आजही सांगता येत नाही. तो घसरला हे खरं. पण पूर्वी तो आमच्याकडून कागद घेऊन निर्धास्त घरी जायचा, आणि आता घरी सांगून आमच्याकडं येत होता. माझ्या मते त्याचं वागणं जेवढं बदललं, ते या उलट्या झालेल्या क्रमातून बदललं. सुईनं आणि रिपोर्टनं ते झालं नव्हतं. त्यानंतर माझ्या कामात मी एक फरक केला. निगेटिव्ह रिपोर्ट हातात देताना मी आता प्रत्येकाला विचारते, हे घरी कुणाला सांगणार? बरेच जण कुणालाच नाही म्हणतात. काही चिडतात. काही थोडा वेळ खुर्चीत बसून राहतात, उठत नाहीत, आणि मग आमचं खरं बोलणं सुरू होतं. प्रत्येक घरात हे सांगणं सोपं नसतं, काही बायकांना तर नवऱ्याला सांगणं धोक्याचं असतं, त्यांना मी आग्रह करत नाही. पण विचारते.

पुढच्या तपासणीला ते दोघं आले, तेव्हाही सगळं ठीक निघालं. त्यानंतर ते आले नाहीत. आमच्याकडं न येणं याचे दोन अर्थ होतात. गरज उरली नाही, किंवा सांगणं थांबलं. कुठला तो मला कळायला मार्ग नव्हता.

परवा बसस्टँडवर ती दिसली. बरोबर मुलगी होती, आता उंच झालेली, कॉलेजची बॅग पाठीला. मी नेहमीप्रमाणं नजर वळवून चालू लागले. पण तिनंच हाक मारली, अक्का म्हणून. मुलीला सांगितलं, ह्या आपल्या ओळखीच्या हाईत, नमस्कार कर. मुलीनं वाकून केला. कशी आहेस, असं मी मुलीला विचारलं, कुठल्या कॉलेजला वगैरे. मग आईकडं पाहिलं.

"बरं हाय आता," ती म्हणाली.

बरं म्हणजे काय, दुखणं बरं की घर बरं, की नुसतं समोरच्याला सांगायचं म्हणून, ते मी विचारलं नाही. खोलीच्या बाहेर तिनं मला काही सांगायलाच हवं असं नव्हतं. त्यांची गाडी लागली होती. मुलगी पुढं धावली, जागा धरायला. आईनं माझ्या हाताला एकदा हात लावला आणि ती गर्दीत शिरली.